लेन्स गेली म्हणे

कोकणात बंद पडलेल्या सीडी प्लेअरचं निदान ठरलेलं आहे. लेन्स गेली. दुकानदार खोका उघडायच्या आधी हे सांगतो, आणणारा माणूस एसटीत बसल्या बसल्या हेच ठरवून आलेला असतो, आणि ज्यांनी जन्मात स्क्रू ड्रायव्हर हातात धरला नाही तेही पडवीत पान लावता लावता मान हलवतात, लेन्स गेली असणार. एकदा ती गेली म्हटलं की पुढे बघायचं काही उरत नाही. नवी घाला, नाहीतर माळ्यावर टाका.

दुकानदाराची बाजू मला कळते. लेन्स म्हणून तो जी वस्तू बदलतो, तिच्यात नुसती लेन्स नसते. लेन्स, तिच्याखालचा लेझर, परत आलेला प्रकाश टिपणारा सेन्सर आणि लेन्सला हलवणारी चिमुकली वेटोळी, असा तो अख्खा जुळवलेला भाग असतो. त्याला पिकअप म्हणतात. निरनिराळ्या नावांच्या कितीतरी प्लेअरांच्या पोटात सोनीचा केएसएस-२१३ हाच पिकअप बसलेला सापडतो, त्यामुळे मुंबईत लॅमिंग्टन रोडला तो सहज मिळे. जुना काढायचा, नवा बसवायचा, गिऱ्हाईक तासाभरात मोकळं. नेमकं काय बिघडलंय ते शोधत बसलं तर अर्धा दिवस जातो, आणि शेवटी 'नुसतं पुसलं' असं खरं सांगितलं की पैसे कोणी देत नाही. पुसण्याची मजुरी कोकणात मागून बघावी कुणीतरी!

तरीही हे निदान नसून अंदाज आहे, आणि बऱ्याचदा चुकीचा. लेन्स हा काचेचा किंवा प्लास्टिकचा पाच मिलिमीटरचा तुकडा. त्यात झिजण्यासारखं काही नाही. खालचा लेझर थकतो हे खरं, पण त्याच्या आधी थकणारे, सुकणारे, सैल पडणारे आणि बुरसणारे कितीतरी भाग त्या खोक्यात असतात, आणि त्यातले निम्मे लेझरच्या शंभराव्या हिश्शाच्या किमतीचे असतात. मुंबईत असताना मी सीप्झमधल्या एका कारखान्यात सर्किटं तपासायच्या टेबलावर होते. तिथं एक सवय लागली ती अजून सुटली नाही. बिघाड कुठे आहे हे विचारण्याआधी तो कुठे नाही ते ठरवून घ्यायचं. उरलेली जागा आपोआप लहान होत जाते.

गेल्या वर्षी श्रावण संपता संपता तात्या आले. आचऱ्याजवळच्या आमच्या वाडीत भजनी मंडळाचा पखवाज त्यांच्याकडे. काखेत गोधडीत गुंडाळलेली म्युझिक सिस्टीम, मुलानं कधी काळी आखातातून आणलेली. ओटीवर ती ठेवली आणि घाम पुसत म्हणाले, "वयनी, ह्यो बघा. चकती गिळता नि वर म्हणता, नो डिस्क. डोळे गेले की काय ह्येचे?"

"कणकवलेक दाखवलात?"

"दाखवलंय. तेना सांगल्यान, लेन्स गेली. अठराशे मागल्यान. मी म्हटलंय, रवांदे."

अठराशे रुपयांचा प्रश्न नव्हता, चतुर्थीचा होता. मंडळाला एक गजर हवा होता. वाडीतले एक बुवा, आता ते नाहीत, त्यांनी एका डबलबारीत तो म्हटला होता. चाल अर्ध्या लोकांना आठवते, अंतरा कुणालाच धड नाही. त्या रात्री लाउडस्पीकरवाल्यानं मिक्सरवरून आवाज घेतला होता आणि बाजारातल्या कॉम्प्युटरवाल्यानं त्याची सीडी करून दिली होती. ज्यांनी डबलबारी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: दोन बुवा समोरासमोर, दोघांचे पखवाज, दोघांच्या पेट्या, झांजा आणि मागे कोरस, अभंग, गौळण, गजर, मधूनच एकमेकांना काढलेले चिमटे, आणि हे सगळं पहाटेपर्यंत. सीडीत मावतात ७४ मिनिटं, फार तर ८०. त्यामुळे सामना कुणी मारला ते त्या चकतीत नव्हतंच. आमच्या बुवांची पहिली बारी तेवढी होती, आणि गजर अगदी शेवटच्या ट्रॅकवर. 'शेवटच्या' हे लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

खोका उघडायच्या आधी मी दोन गोष्टी विचारल्या. सगळ्याच सीड्यांना असं करतो की हिलाच? आणि कधीपासून? पहिल्याला तात्यांनी खांदे उडवले. दुसऱ्याला जे उत्तर दिलं ते मला सोन्यासारखं वाटलं. "थंडयेत तर अजिबात चलत नाय. मे म्हयन्यात बरो चलता. आता पावसात पुरो बंद." ज्या वस्तूला ऋतू कळतात तिचा लेझर गेलेला नसतो. गेलेला लेझर मे महिन्यात बरा होत नाही.

आता दुसरी सीडी हवी. चांगली, छापील, विकत घेतलेली. हा सगळ्यात स्वस्त प्रयोग आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा. आमच्या घरातल्या बऱ्याचशा सीड्या परसात वालीच्या मांडवावर दोरीनं टांगलेल्या आहेत, पाखरं येऊ नयेत म्हणून (वानरांना त्यांची काडीची भीती नाही). कपाटात एक सुखरूप होती, ती घातली. तिलाही तेच उत्तर. म्हणजे दोष निदान एकट्या तात्यांच्या चकतीचा नव्हता.

मग मी कान लावला. सीडी आत गेली की प्लेअर काय काय करतो ते शांतपणे ऐकलं तर निम्मं काम तिथंच होतं. आधी ट्रे आत ओढण्याची घरघर. मग वरचं झाकण चकतीवर बसल्याची टक. मग पिकअप रुळावरून सरकत मधल्या भोकाकडे येतो, कारण सीडी आतून बाहेर वाचतात, ग्रामोफोनच्या तबकडीच्या उलट. तिथला बारीक स्विच दाबला गेला की तो थांबतो. लेझर लागतो आणि लेन्स वर-खाली, वर-खाली चाचपडते. चकतीतला चकाकता थर किती अंतरावर आहे ते शोधत असते. खोलीत पंखा बंद असेल तर ही टिकटिक ऐकू येते. अंतर सापडलं तरच बहुतेक प्लेअरांत मोटर चकती नीट फिरवायला घेते, आतल्या कडेला मिनिटाला सुमारे ५०० फेऱ्या, बाहेर जाता जाता सुमारे २००. मग सुरुवातीलाच लिहिलेली अनुक्रमणिका वाचून ट्रॅक किती, मिनिटं किती, ते पडद्यावर येतं. यातली कुठलीही पायरी चुको, पडद्यावर येणारं वाक्य एकच. बिचाऱ्याकडे दुसरं वाक्यच नाही.

तात्यांच्या प्लेअरचा ट्रे उघडताना अडखळत होता, वर थाप मारली की सुटत होता. आत घरघर, टक, सरकणं, सगळं ठीक. टिकटिक तीनदा झाली आणि मोटर फिरलीच नाही. म्हणजे लेन्सला चकती दिसत नव्हती. तात्यांचं डोळ्यांचं म्हणणं एका परीनं बरोबर होतं, पण मोतीबिंदू आणि आंधळेपणा यात फरक असतो.

इथं मध्येच एक सांगून टाकते. संध्याकाळी सातच्या पुढे आमच्याकडे, विशेषतः चतुर्थीच्या दिवसांत, विजेचा दाब इतका उतरतो की ट्यूब लागत नाही. अशा वेळी प्लेअरही चकती धड फिरवू शकत नाही आणि तेच नो डिस्क म्हणतो. दुसऱ्या दिवशी दुकानात नेला की नीट वाजतो, आणि दुकानदार आणणाऱ्याकडे चमत्कारिक नजरेनं बघतो. तसंच मुंबईहून एसी बसमधून किंवा गाडीतून आलेला प्लेअर पावसाळ्यात उतरवल्या उतरवल्या लावू नये. थंड लेन्सवर बाहेरची दमट हवा लगेच धुकं धरते. तासभर तसाच ठेवायचा. चाकरमान्यांना हे पटत नाही, त्यांना आरतीच्या आधी आवाज हवा असतो.

प्लग काढून खोका उघडला. प्लग काढूनच, कारण आतला लेझर ७८० नॅनोमीटरचा, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा. दिसत नाही म्हणून माणूस निर्धास्त त्यात डोकावतो. झाकणाखालचं दृश्य ओळखीचं होतं. लेन्सवर भुरकट साय. बोटानं कुणीतरी पुसायचा प्रयत्न केलेला, त्याचा चंद्रकोरीसारखा डाग. रिबन केबलच्या टोकांना काळसर झाक. ट्रेचा बेल्ट सैल, वाटोळा आकार सोडून लांबट झालेला. आणि पिकअप ज्या दोन दांड्यांवरून सरकतो त्यांच्यावर पिवळट, चिकट काहीतरी. वास घेतला. खवट.

"तात्यानू, ह्या तेल कसला घातलात?"

"खोबऱ्याचा! घरचा, घाण्यावरचा," तात्या अभिमानानं म्हणाले. "अडकत होतो म्हणून घातलंलंय."

थंडीचं कोडं सुटलं. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली थिजतं. पौषात आमच्याकडे पहाटे पारा त्याच्या बराच खाली येतो, न्हाणीघरातली तेलाची बाटली पांढरी होते, आणि त्याच वेळी त्या दांड्यांवरचं तेलही. पिकअपला पूर्ण सीडी वाचायला आतून बाहेर जेमतेम सव्वातीन सेंटिमीटर चालायचं असतं आणि तेवढं चालायला त्याला ७४ मिनिटं लागतात. चकतीवरची सर्पिल रेघ उलगडली तर पाच किलोमीटरांहून लांब भरेल, आणि तिच्या दोन वेढ्यांमधलं अंतर १.६ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरभरात सहाशेहून जास्त वेढे. इतक्या हळू, इतकं मोजून सरकायचं आणि वाटेत थिजलेलं खोबरेल. मे महिन्यात तेच तेल पातळ होऊन प्लेअर गात होता. कणकवलीच्या दुकानदारानं अठराशे घेऊन नवा पिकअप त्याच दांड्यांवर बसवला असता, तर पौषात तात्या पुन्हा त्याच्या दारात असते, आणि मग मात्र तो म्हणाला असता की मशीनच खराब.

पण आता तर पाऊस होता आणि तेल पातळ. आताचा बिघाड लेन्सवरच्या सायीचा. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. जुलैत हवेतली आर्द्रता नव्वदीच्या आसपास असते, त्यात किनाऱ्यालगत खारा वारा. कपाटातल्या चपलांना बुरशी येते, फोटोंच्या अल्बमला येते, चष्म्याच्या घरात येते. कॅमेरावाले लोक लेन्सा तांदळाच्या डब्यात ठेवतात ते उगाच नाही. सीडी प्लेअर मात्र आपण देवघराच्या शेजारी ठेवतो. उदबत्तीचा धूर, कापराची काजळी, निरांजनातलं तूप, आणि वर दमट हवा. त्या सायीचं पृथक्करण केलं तर अर्धी पूजा निघेल.

बुरशीवरून आठवलं. २००१ साली माद्रिदच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातल्या संशोधकांनी चक्क सीडी खाणाऱ्या बुरशीची नोंद केली. चकती बेलीझहून आलेली होती; मध्य अमेरिकेतला हा देश आपल्यासारखाच उष्ण आणि दमट. बुरशी जिओट्रायकम कुळातली. बाहेरच्या कडेनं आत शिरून तिनं अल्युमिनियमचा थर आणि पॉलिकार्बोनेट पोखरलं होतं. मी हे वाचलं तेव्हा मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. आश्चर्य एवढंच, की हा शोध कुणाला मालवण तालुक्यात कसा लागला नाही.

लेन्स पुसण्याचं काम पाच मिनिटांचं आहे आणि त्यातली चार मिनिटं हात थांबवून धरण्याची. लेन्स बारीक तारांवर तरंगत असते, दाबली की तारा वाकतात, आणि मग ती खरोखरच जाते. आधी रबरी फुग्यानं हवा मारायची. तोंडानं फुंकर नाही, कारण फुंकरीबरोबर थुंकी जाते. मग कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब, काडी झटकायची, आणि आपल्या पापणीला सहन होईल एवढ्याच जोरानं गोल फिरवायची. हे अल्कोहोल मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे मिळतं. करोनानंतर लोक सॅनिटायझरनं पुसतात. त्यात ग्लिसरीन असतं, सुगंध असतो, पाणी असतं, ते सगळं लेन्सवर वाळून बसतं. नेलपॉलिश काढायचं अॅसिटोन तर नकोच, ते पॉलिकार्बोनेटला खातं. केबलची टोकं खोडरबरानं घासून पुन्हा नीट बसवली. दांड्यांवरचं खोबरेल पुसून काढलं आणि प्लास्टिकला चालेल असं पांढरं ग्रीस अगदी नावाला लावलं. बेल्ट गरम पाण्यात टाकला. तसा तो थोडा आकसतो आणि काही महिने ढकलता येतात. पोस्टातलं रबरबँड लावणारेही आहेत. आमच्या हवेत ते एका पावसात विरघळतं.

एका गोष्टीला मी हात लावला नाही. पिकअपच्या बाजूला एक इवलासा फिरवायचा स्क्रू असतो, लेझरला किती विद्युतप्रवाह द्यायचा ते ठरवणारा. काही कारागीर पहिल्यांदा तोच फिरवतात. प्रकाश वाढतो, मळकट लेन्समधूनही चकती दिसते, प्लेअर गायला लागतो, गिऱ्हाईक खूश. लेझर मात्र त्या जादा प्रवाहानं भरभर संपतो, आणि मग 'लेन्स गेली' ही भविष्यवाणी खरी ठरते.

खोका जोडला. छापील सीडीनं लगेच आकडे दाखवले आणि पहिल्यापासून शेवटच्या ट्रॅकपर्यंत विनातक्रार वाजली. तात्यांनी खिशातून आपली चकती काढली, सदऱ्याला गोल गोल पुसली (मी ओरडले), आणि आत घातली. बुवांचा आवाज आला. तात्या क्षणभर प्लेअरकडे बघतच राहिले, मग मांडीवर ठेका धरला. अभंग झाला, गौळण झाली. आणि गजराच्या पहिल्या कडव्यानंतर खर्रर्र, टिक, टिक, मग पुन्हा आधीचीच ओळ.

आता प्लेअर निर्दोष होता. छापील सीडीनं ते सिद्ध केलं होतं. उरली चकती.

घरी केलेली सीडी आणि विकत घेतलेली सीडी दिसायला सारख्या, पण जात वेगळी. छापील सीडीत खड्डे साच्यानं उमटवलेले असतात. घरी केलेलीत रंगाचा थर असतो आणि लिहिणारा लेझर तो जागोजाग जाळतो. हा रंग उन्हानं, उष्णतेनं, दमटपणानं हळूहळू आपसूक बदलतो. शिवाय लोक खालची बाजू जपतात आणि वरच्या बाजूवर बॉलपेननं नाव कोरतात, जेव्हा चकाकता थर वरच्या बाजूलाच पातळ लाखेखाली असतो. खालून १.२ मिलिमीटर पॉलिकार्बोनेटचं कवच आहे, वरून जवळजवळ काहीच नाही. तात्यांच्या चकतीवर कागदी लेबल चिकटवलेलं होतं, गणपतीच्या चित्राचं, आणि त्याची कड दमट हवेनं उचलली गेली होती. उजेडापुढे धरली तर बाहेरच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं चमकत होती. गजर शेवटच्या ट्रॅकवर, म्हणजे नेमका त्या कडेला.

आणि ते गोल गोल पुसणं! सीडी नेहमी मधून कडेकडे सरळ पुसावी. कारण आडवा ओरखडा प्रत्येक वेढ्याला एकदाच छेदून जातो, आणि प्लेअर तेवढं सावरून घेतो. रेघेच्या दिशेनं पडलेला ओरखडा सलग मजकूर पुसतो.

हे सावरून घेणं मला या यंत्रातली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते. लेझर, मोटर वगैरे ठीक आहे, पण फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० मध्ये सीडीचं मानक ठरवलं आणि १९८२ च्या ऑक्टोबरात जपानात पहिला प्लेअर विक्रीला आला, तेव्हा त्यात खरी कमाल गणिताची होती. अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी १९६० साली मांडलेलं गणित त्यासाठी वापरलं. आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक कानासाठी वेगळे. ते ओळीनं न लिहिता विस्कटून, लांब लांब पसरून लिहितात, आणि दर २४ बाइटांमागे ८ बाइट पडताळ्याचे घालतात. एका जागी ओरखडा पडला तरी नुकसान थोडं थोडं वाटलं जातं, आणि पडताळ्यावरून हरवलेला आकडा पुन्हा काढता येतो. रेघेवर सलग अडीच मिलिमीटर गेलं तरी मूळ आवाज जसाच्या तसा परत मिळतो. हा अंदाज नसतो, हिशेब असतो.

त्याहून जास्त गेलं तर? तर प्लेअर अंदाज करतो. अलीकडचा नमुना आणि पलीकडचा नमुना बघून मधला भरतो. कानाला बहुधा कळत नाही. आणि तेही जमेनासं झालं की गप्प बसतो. हिशेब, मग अंदाज, मग मौन, अशा क्रमानं. माणसं हा क्रम बहुधा मधूनच सुरू करतात आणि शेवटच्या पायरीपर्यंत तर येतच नाहीत. आकडेमोडीच्या, फायलींच्या सीडीला मात्र अंदाजाची मुभा नाही. खात्यातली रक्कम आजूबाजूच्या रकमांवरून भरून चालत नाही. म्हणून तिथं २३५२ बाइटांच्या तुकड्यात मजकूर फक्त २०४८ बाइटांचा ठेवतात आणि उरलेली बरीचशी जागा आणखी एका पडताळ्याला देतात. सुरांना मिळालेली सवलत अक्षरांना नाही.

तर तात्यांच्या गजराचं काय करायचं? प्लेअर थांबून पुन्हा वाचू शकत नाही, त्याला गाणं पुढे न्यायचं असतं. कॉम्प्युटरला घाई नसते. घरातला जुना डेस्कटॉप काढला. त्यात ड्राइव्हच दिसेना. 'माय कॉम्प्युटर'मध्ये जागा रिकामी. इथंही लोक लगेच नवा ड्राइव्ह आणतात. मी आधी बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी जागा होणाऱ्या मशीनच्या मूळ प्रोग्राममध्ये पाहिलं. तिथं ड्राइव्हचं नाव येत होतं, म्हणजे केबल ठीक, वीज ठीक, ड्राइव्ह जिवंत. दोष विंडोजमध्ये. जुन्या विंडोजमध्ये सीडी लिहायचं एखादं सॉफ्टवेअर काढून टाकलं की ते रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या वहीत, 'अपरफिल्टर्स' आणि 'लोअरफिल्टर्स' नावाच्या नोंदी मागे सोडून जातं, आणि विंडोज त्यांच्यावर अडखळून ड्राइव्ह दाखवतच नाही. नोंदींची नक्कल ठेवून त्या काढल्या, मशीन पुन्हा सुरू केलं, ड्राइव्ह हजर. एक पैसा गेला नाही.

खराब सीडी भरधाव वाचू नये. ५२ एक्स, म्हणजे गाण्याच्या वेगाच्या बावन्नपट, म्हणजे मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेऱ्या, त्या वेगात तडा गेलेली चकती ड्राइव्हच्या आत फुटू शकते. लेबल पूर्ण काढायचा मोह मी टाळला, कारण लेबलाबरोबर चकाकता थरही निघून येतो. कड कात्रीनं कापून तेवढी समतोल केली. वेग उतरवला. 'एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी' नावाचा एक जुना, फुकट मिळणारा प्रोग्राम आहे. तो प्रत्येक तुकडा किमान दोनदा वाचतो, दोन्ही वाचनं जुळली तर पुढे जातो, नाही जुळली तर पुन्हा पुन्हा वाचत बसतो. अभंग-गौळण मिनिटांत उतरले. गजराला रात्र लागली. सकाळी उठले तेव्हा ड्राइव्ह अजून घोगऱ्या आवाजात घोकत होता. शेवटी प्रोग्रामनं संशयास्पद जागांची यादी दिली. छोटी यादी होती, आणि तीत एकच जागा मोठी: दुसऱ्या अंतऱ्याची शेवटची ओळ. अर्धी ओळ पूर्ण गेलेली.

दुपारी तात्या आले, पेटीवाले आले, मंडळातली चार पोरं आली. मी मोबाइलवर लावलं. पोरांनी चाल लगेच उचलली. ती अर्धी ओळ आली, आवाज तुटला, आणि तात्यांनी क्षणही न दवडता पुढचे शब्द म्हणून टाकले. पेटीवाल्यांनीही, त्याच क्षणी. शब्द वेगळे होते.

"ह्या तुमी खंयसून काढलात?" तात्या म्हणाले.

"मी पेटयेर होतंय. तुमी पखवाजात होतात."

दोघंही त्या रात्री बुवांच्या डाव्या-उजव्या हाताला बसले होते. दोघांचंही वृत्तात बसत होतं, यमकही जुळत होतं. पोरांनी माझ्याकडे पाहिलं, जणू कॉम्प्युटरवालीला हे कळायलाच हवं. मी म्हटलं, चकतीवर इथं काहीच शिल्लक नाही, मी यात पडत नाही.

चतुर्थीला गजर झाला. तात्यांचे शब्द राहिले, कारण ठेका त्यांच्याकडे. पेटीवाले त्या ओळीला भाता सोडतात, हात मांडीवर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघतात, आणि ओळ संपली की पुन्हा सूर धरतात. पोरांनी मोबाइलवर सगळं रेकॉर्ड केलंय. त्यातही त्या ओळीला पेटी नाही.

पेटीवाल्यांच्या मेव्हण्याकडे, देवगडला, त्या रात्रीची कॅसेट आहे म्हणे. मागच्या महिन्यात ती आली, बरोबर त्याचा टेपरेकॉर्डरही आला. रबराचा बेल्ट वितळून कप्पीवर डांबरासारखा बसलाय आणि खालचा अर्धा भाग काळा झालाय. तो खरवडून काढायला अल्कोहोल लागेल, आणि नव्या बेल्टचं माप घ्यायला जुना बेल्टच उरलेला नाही. कप्प्यांच्या भोवती दोरा फिरवून माप घेतलंय, कणकवलीला सांगितलंय. तात्यांना हे अजून कुणी सांगितलेलं नाही.